वापरायला दिलेला पाळणा

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी माझ्यात झोपलं असेल, तरी ते तुम्हाला आठवणार नाही. मी लाकडी पाळणा आहे, आता बराच जुना झालोय. झुलून झुलून मला झोप आणि जाग यांतला फरक नीट कळत नाही. तेव्हा सांगता सांगता कुठे रेंगाळलो, तर सांभाळून घ्या.

एक शिवणकाम करणारी बाई आणि तिचा वायरमन नवरा बाळाची वाट बघत होते. दुकानात त्यांनी दिव्यांचा, गाणी म्हणणारा पाळणा पाहिला. तिने तो हाताने हलवला. "खडखडतोय," ती म्हणाली. "मूल झोपेल, की दचकून उठेल?" मग दोघं सुताराकडे आली. सुताराने माझे गज इतके जवळ बसवले की बाळाचं डोकं अडकू नये. रंग मात्र लावला नाही. "दात आले की पोर काठ चावणारच," असं म्हणून त्याने मला नुसतं जवसाचं तेल पाजलं. वायरमनने मला खिडकीपाशी ठेवलं. दुपारचं ऊन गजांमधून आत यायचं, आणि मला वाटायचं, ऊनच माझ्यात निजलंय.

पण त्यांचं बाळ घरी आलं नाही. दवाखान्यातून दोघंच परतली.

कित्येक दिवस मला कुणी हात लावला नाही. वाऱ्याने मी जरासा हललो, तरी ती शिवणयंत्र थांबवून बघायची. शेवटी वायरमन म्हणाला, "सारखं डोळ्यांसमोर कशाला? कुणाला तरी देऊन टाकू."

"देऊन टाकू नको," ती म्हणाली. "वापरायला दे."

तेव्हापासून मी घरोघर हिंडलो. शेजारच्या मास्तरीणबाईंची जुळी माझ्यात एकमेकांच्या पायाशी डोकं करून झोपायची. त्यांच्या दातांच्या खुणा अजून माझ्या काठावर आहेत. मग एका नर्सचा मुलगा आला, मग बेकरीवाल्याची नात. किती श्वास ऐकले मी! काही मांजरासारखे, काही दूरच्या समुद्रासारखे. शेवटच्या घरी एक गज मोडला. तसाच परत आलो आणि माळ्यावर गेलो. माझ्यात जुन्या चादरी कोंबल्या गेल्या. लाकूड सुकलं, सांधे सैल झाले. मी अंधारात स्वप्नं बघत राहिलो, आणि प्रत्येक स्वप्नात कुणीतरी जांभई देत असे.

एके दिवशी चादरी बाहेर निघाल्या. त्या दोघांनी एक मुलगी दत्तक घ्यायचं ठरवलं होतं.

वायरमनची थोरली बहीण मला बघून जवळ आली. मग हळूच म्हणाली, "तुला वाईट वाटेल, पण बोलते. पहिल्या वेळचा हा पाळणा. नवं लेकरू येतंय, नवीन आण गं."

वायरमनची बायको माझ्यावरची धूळ पुसत होती. "ताई, मास्तरीणबाईंची जुळी काल जिन्यात दंगा करत होती, ऐकलं ना? याच्यातच वाढली ती. हा अपशकुनी कसा?"

ताईनेही एक फडकं घेतलं.

नवा गज बसला, सांधे आवळले, पुन्हा तेल मिळालं. मुलगी आली ती दहा महिन्यांची, गोबरी आणि घाबरलेली. माझ्यात ठेवली की उभी राहून रडायची. त्या अनोळखी खोलीत तिला कशाचाच भरवसा नव्हता. तेव्हा आई जमिनीवर बसली आणि तिने गजांमधून हात आत घातला. मुलीने आधी तो ढकलला. मग आईचं एक बोट घट्ट धरलं, खाली बसली आणि बसल्या बसल्या कलंडून झोपली. आईचा हात अवघडला असेल, पण तिने तो काढला नाही. मीही हललो नाही.

मित्रांनो, माझं मागणं थोडंच आहे. बाळासाठी घ्याल ते टिकाऊ घ्या. आणि बाळ मोठं झालं, की ते पुसून, दुरुस्त करून, जिथे कुणाची वाट बघणं चाललंय तिथे पाठवा. अडगळीत पडून आम्ही लवकर म्हातारे होतो.

ती मुलगी आता शाळेत जाते. मला न्यायला दुसऱ्या घरची माणसं आली, तेव्हा ती गुडघे पोटाशी घेऊन शेवटची माझ्यात बसली. कशीच मावत नव्हती. जरा वेळाने आपणहून उतरली, चुरगळलेली गादी हाताने सारखी केली आणि म्हणाली, "आता न्या."