मान्य व कबूल नाही

हंसानं वकील दिला नाही, आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही. बोईसरच्या मासळीबाजारात तीस वर्षं बसलेली बाई ती. तिच्या तोंडी लागायची टाप होती कुणाची? कारखान्याची पाळी सुटलेले कामगार हिंदीत घासाघीस करायला यायचे आणि ती सांगेल त्या भावात बोंबील घेऊन निमूट चालते व्हायचे. "माज्या बापाचं घर," ती भागीला म्हणाली, "त्याचं मीच सांगनार ना? त्या काळ्या कोटवाल्यानं आमची सातपाटी तरी पायलीय काय?" भागी बाजारात तिच्या शेजारी बसायची. तीही हिच्याच गावची, सातपाटीची.

दावा साधा होता. बाप हिराजी वारला, घर मागे राहिलं. नवरा गेल्यापासून हंसा त्याच घराच्या मागच्या खोलीत वेगळी चूल मांडून राहत होती. पुढे धाकटा भाऊ वामन आणि त्याची बायको हेमांगी. हेमांगीला घर पाडून नवं बांधायचं होतं, आणि नव्या नकाशात मागची खोलीच नव्हती. हंसा दोनदा बोलली, तिसऱ्यांदा भांडली, आणि चौथ्यांदा पालघरच्या कोर्टात गेली. मागितली फक्त ती खोली.

वामनवर तिचा राग नव्हता, हे आधी सांगून ठेवतो. वामन म्हणजे गरीब गाय. शाळेत मास्तरांनी प्रश्न त्याला विचारावा आणि उत्तर हिनं द्यावं. पुढे मच्छीमार सोसायटीत बोटीचं डिझेल अडलं तर भांडायला हिनं जावं, आणि यानं मागे उभं राहून म्हणावं, "बाय सांगल." बाय म्हणजे थोरली बहीण. आता त्याला हेमांगीच्या भावानं धरून कोर्टात उभं केलंय, वकीलही त्यानंच दिलाय, हे हंसाला न सांगता कळत होतं. कोर्टात समोरासमोर आला की विरघळेल, अशी तिची खात्री होती.

मग एका तारखेला वामनची कैफियत आली. म्हणजे तिच्या दाव्याला त्याचं लेखी उत्तर. ती घेऊन हंसा तशीच बोईसरला आली आणि पाटीमागे बसून बोट फिरवत वाचू लागली. सातवी शिकलेली होती, वाचता चांगलं येत होतं. तिसऱ्या कलमावर बोट थांबलं. 'वादी ही मयत हिराजी यांची मुलगी असल्याचे या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' खाली वामनची सही. सहीतला 'व' तिनंच त्याचा हात धरून गिरवून घेतला होता.

आता तुम्हांला म्हणून सांगतो, कैफियतीत असं लिहितातच. समोरच्यानं जे जे म्हटलं ते ते नाकारून मोकळं व्हायचं, पानंच्या पानं. वामननं ते वाचलंही नसणार. हंसाला वकील असता तर त्यानं हसून सांगितलं असतं, "मावशी, हे नेहमीचंच असतं, सोडून द्या." पण हंसाला वकील कुठे होता? तिनं ते वाक्य भावानं तोंडावर म्हटल्यासारखं वाचलं. त्या दिवशी भावात घासाघीस नाही, कुणाला चार शब्द नाहीत. गिऱ्हाईक देईल ते घेत गेली.

घरी आल्यावर विचारायला गेली, तर वामननं दाराकडे पाठ केली. वकिलानं सांगितलं होतं म्हणे, तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. एका घरात राहून भाऊ बोलेना. हंसाला त्या रात्री अन्न गेलं नाही. मग तिच्या ध्यानात आलं, कोर्टात विचारलेल्याचं उत्तर त्याला द्यावंच लागेल. खोली गेली खड्ड्यात! तिनं जन्मदाखला काढला, शाळेचा दाखला काढला, जुनं रेशनकार्ड शोधलं. सगळं पिशवीत भरून उलटतपासणीच्या तारखेची वाट बघत बसली.

त्या दिवशी वामन पिंजऱ्यात उभा राहिला. जजबाई समजूतदार होत्या. "बाई, सरकारकडून फुकट वकील मिळतो तुम्हाला. अजूनही घ्या."

"नको मॅडम," हंसा म्हणाली. "मला याला इचारायचंय. दुसऱ्यानं इचारून काय उपेग?"

"बरं, विचारा."

हंसानं भावाकडे पाहिलं. दाढी वाढली होती, सदरा इस्त्रीचा होता.

"वामन, तुज्या बापाचं नाव काय?"

"हिराजी."

"आनि माज्या बापाचं?"

वामननं वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत होता. मागच्या बाकावर हेमांगीचा भाऊ टक लावून बसला होता.

"इकडेतिकडे बघू नका, उत्तर द्या," जजबाई म्हणाल्या.

"ठाऊक नाय."

जजबाईंनी टंकलेखकाला सांगितलं, "वादीच्या वडिलांचे नाव मला माहीत नाही." खडखड करत ते कागदावर उमटलं.

हंसा कठड्याजवळ सरकली. "मंग मी तुजी कोन?"

"वकिलांना इचारून सांगतो."

कोर्टात हशा पिकला. जजबाई तडकल्या. "वकिलांना कसलं विचारता? शपथ घेतलीये तुम्ही. बाई तुमची कोण?"

वामननं कठडा घट्ट धरला. "कोन नाय," तो म्हणाला.

हंसानं पिशवी पोटाशी धरली. आत तिचा जन्मदाखला होता, तो काढायचं तिला सुचेना. काय करायचा होता दाखला? हिराजीची मुलगी ती कागदावर झाली असती, पण वामनची बहीण तिला कुठलं सरकार करणार होतं?

तेवढ्यात वामनचा वकील उठला. आपला पक्षकार भलतंच बोलून बसलाय, हे त्याच्या ध्यानात आलं. "मॅडम, नात्याबद्दल आमचा वाद नाही. बहीण आहे, आम्हाला कबूल आहे. कैफियतीत आपलं नेहमीचं वाक्य आहे ते." आणि वामनकडे पाहून त्यानं मान डोलावली.

वामन लगेच म्हणाला, "हां. बहीण हाय माजी. थोरली."

"झालं की मग," जजबाई मोकळ्या झाल्या. "बाई, हा मुद्दा तुमच्या बाजूनं सुटला. आधीचं उत्तर दुरुस्त करून घेऊ."

"नको मॅडम," हंसा म्हणाली. "पयलंच ऱ्हाऊ दे. पयलं त्याचं हाय. हे दुसरं वकिलाचं हाय."

वामन रडत होता, पण पिंजऱ्यातून उतरून आला नाही. दावा मागे घेते, असं तिनं सांगितलं. जजबाईंनी परोपरीनं समजावलं, पुढची तारीख देते, विचार करा म्हणाल्या. हंसानं उभ्या उभ्याच एका कोऱ्या कागदावर तसं लिहून दिलं आणि खाली सही केली.

गाडी धरून ती तडक बोईसरला आली. बाजार भरात होता. भागी सुरमई कापत होती. "काय गो, काय झालं?" तिनं विचारलं.

हंसा तिथंच ओल्या जमिनीवर बसली, कपाळावर हात मारला आणि मयताला रडतात तशी मोठ्यानं रडायला लागली. "माजा भाऊ गेला गो भागी, माजा भाऊ गेला!"

वामन जिवंत आहे हे भागीला ठाऊक होतं, सकाळीच त्याला तिनं रस्त्यात पाहिलं होतं. तिनं कोयता बाजूला ठेवला, समोरच्या गिऱ्हाइकाला हातानंच जा म्हणून खुणावलं आणि हंसाला जवळ घेऊन तीही रडायला लागली.