कॅक्टसच्या टेबलावरचं झाड

दिसण्यावरून नातं ठरवू नये, हे मी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात वर्षानुवर्षं घसा कोरडा करून सांगत आले आहे. कॅक्टस आणि काटेरी युफोर्बिया घ्या. दोघांचे खांब मांसल, दोघांनाही काटे. पण कॅक्टस पडतो पालक-राजगिऱ्याच्या गोतावळ्यातला, आणि युफोर्बिया थेट एरंडाच्या घरचा. कोरड्यात दिवस काढून काढून चेहरे सारखे झाले, एवढंच.

फुलझाडांच्या प्रदर्शनात कॅक्टसच्या टेबलाची परीक्षक मी होते आणि त्याच टेबलावर माझ्या सासूबाईंची कुंडी होती. कमरेइतकं उंच, तजेलदार झाड. ते एरंडाच्या कुळातलं आहे हे मी घरात कितीदा सांगितलं असेल! त्या "असेल बाई" म्हणत आणि पाणी घालत. बक्षिसाची मात्र त्यांना फार आस होती. ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. नवरा सकाळीच माझ्या कानाशी लागला होता, "आजचा दिवस तो एरंड विसर ना!"

मी कसली विसरते! सगळ्यांदेखत टाचणी टोचली. पांढराशुभ्र चीक ओघळला, युफोर्बियाची खूण.

"हा युफोर्बिया. बाद," मी म्हणाले. खरं सांगते, मला बरं वाटलं.

सासूबाई कुंडी उचलायला वाकल्या.

"आई, मी सांगत होते ना तुम्हाला?"

"सांगत होतीस. पण तुझ्या आईनं मला कॅक्टस म्हणून दिलं होतं. तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तेव्हा बोटभर फांदी आणली होती. आता त्या नाहीत. त्यांना खोटं कशाला पाडू? त्यांच्या झाडाला बक्षीस मिळावं, एवढंच मनात होतं."

"मग मला कधीच कसं बोलला नाहीत?"

"बोलले असते तर तू ते उचलून तुझ्या काचघरात नेलं असतंस. मला पाणीसुद्धा घालू दिलं नसतंस."

नेलंच असतं. झाडांची सात पिढ्यांची नाती सांगणारी मी. माझ्याच आईचं झाड रोज डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याचं फक्त कूळ काढत बसले होते. मला रडू फुटलं. बाकीचे परीक्षक धावत आले, तेव्हा चीक डोळ्यांत गेला असं सांगून टाकलं.

"चीक गेला असता तर बोंबलली असतीस," सासूबाई हळूच म्हणाल्या. "धर ती बाजू. जड आहे."