तीनशे ब्लॉक जागा

रंगांच्या प्रयोगशाळेला कायमचं कुलूप लागलं, तेव्हा तिच्या तळघरातला जुना मिनिकॉम्प्युटर भंगारात निघाला. ज्याने उभी नोकरी त्या यंत्राची देखभाल करण्यात घालवली होती, त्या निवृत्त दुरुस्तीवाल्याने तो मागून घेतला आणि घरच्या गॅरेजमध्ये आणून उभा केला. नाव मिनी, पण उंची कपाटाएवढी. त्यामुळे गाडीची रवानगी रस्त्यावर झाली.

"अहो, सवत आणली असतीत तर निदान घरकामाला हात तरी लावला असता तिने," बायको म्हणाली.

दोन वर्षं त्याने पंखे बदलले, फुगलेले कपॅसिटर काढले, पट्टे बसवले. अखेर एका सकाळी चकती घरघरत फिरू लागली आणि टर्मिनलच्या हिरव्या पडद्यावर एक बारीक चिन्ह उमटलं. यंत्र चालवणारी जुनी युनिक्स सिस्टिम जागी झाली होती. त्याने बायकोला ओरडून बोलावलं. ती ओल्या हातांनीच आली.

"एवढंसंच?"

"एवढंसंच. काय करू म्हणून विचारतंय ते."

अडचण होती जागेची. मोठ्या ताटाएवढी ती चकती, पण तिच्यात मावायचे फक्त अडीच मेगाबाइट. दातांची डॉक्टर असलेली मुलगी हसून म्हणाली, "बाबा, माझ्या पेशंटच्या एका दाढेचा एक्स-रे मावायचा नाही यात!"

आता त्याला दुसरं टर्मिनल जोडायचं होतं. त्यासाठी सिस्टिमचा गाभाच नव्याने बांधायला हवा होता आणि त्या कामाला चकतीवर जागेचे निदान तीनशे तुकडे, म्हणजे ब्लॉक, मोकळे लागणार होते. मोकळे होते एकतीस. त्याने स्वतःचा बुद्धिबळाचा खेळ पुसला, जुनी टिपणं पुसली, नव्वदपर्यंत मजल मारली. मग राहिला एकच मोठा कप्पा, तीनशे चाळीस ब्लॉकचा. तो होता रंगबाईंचा.

रंगबाई म्हणजे प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ. सगळे त्यांना याच नावाने ओळखत.

"पुसून टाका ना," मुलगी म्हणाली. "किंवा माझ्या लॅपटॉपवर उतरवून घ्या."

"उतरवायलाही त्यांच्या फाइली उघडाव्या लागतील. माझ्याकडे सगळ्या किल्ल्या आहेत म्हणून दुसऱ्याचं कपाट उघडायचं?"

"चाळीस वर्षांपूर्वीचं कपाट, बाबा."

चाळीस वर्षांपूर्वी हेच झालं होतं. चकती भरली होती, साहेब मागे उभे राहून घाई करत होते आणि त्याने रंगबाईंची एक फाइल न विचारता पुसली होती. या सिस्टिमला 'नक्की पुसू का?' असं विचारायची सवय नाही. पुस म्हटलं की पुसलं. सहा आठवड्यांची मोजमापं गेली. रंगबाईंनी आरडाओरडा केला नाही. फक्त त्या दिवसापासून त्या त्याच्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत. काही हवं असलं की चिठ्ठी पाठवायच्या.

निवृत्तांच्या यादीतून त्याने नंबर मिळवला. फोन लावण्याआधी तीनदा घसा साफ केला.

"मी तळघरातला... दुरुस्तीवाला बोलतोय."

पलीकडून आवाज आला, "या वेळी काय पुसलंत?"

"अजून काही नाही. तेच विचारायला फोन केलाय."

शनिवारी दुपारी त्या रिक्षातून उतरल्या. केस पांढरे झाले होते, चाल मात्र तीच, घाईची. यंत्रासमोर बसल्या, चष्मा लावला आणि क्षणभर थांबून पासवर्ड टाकला.

"लक्षात आहे?" त्याला आश्चर्य वाटलं.

"मला नाही. बोटांना आहे."

बहुतेक फाइली दुहेरी होत्या. त्या घटनेनंतर त्या प्रत्येक मोजमापाची दुसरी प्रत ठेवत गेल्या होत्या. मग त्यांनी एक छोटी फाइल उघडली आणि मोठ्याने वाचू लागल्या. ते साहेबांना लिहिलेलं तक्रारीचं पत्र होतं, त्याच्याविरुद्ध. 'बेजबाबदार', 'उद्धट', 'यंत्राला माणसापेक्षा जास्त जपणारा'.

"हे कधी दिलं नाहीत तुम्ही," तो म्हणाला.

"तुमची मुलगी नुकतीच झाली होती. नोकरी गेली असती तुमची."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "साहेब मागे उभे होते हे खरं, पण बोट माझंच होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

"हवं होतं," रंगबाई म्हणाल्या. मग एकेक फाइल पुसायला लागल्या. पत्रही गेलं.

"मोजमापं ठेवायची नाहीत?"

"कशाला? ज्या पुलासाठी ती घेतली, त्या पुलाला आमचा रंग लागला, पोपडे येऊन गळला, दुसरा लागला, तोही गळला. जाऊ दे."

त्याने गाभा बांधायला घेतला. यंत्र अर्धा तास कुरकुरलं आणि अडलं. तो पडद्यावरची चूक शोधत बसला. ती रंगबाईंना आधी दिसली, एका ओळीत स्वल्पविराम राहिला होता. दुसऱ्या खेपेला चहा पिऊन होईतो काम झालं आणि कोपऱ्यातल्या दुसऱ्या टर्मिनलवरही तेच बारीक चिन्ह उमटलं.

तेवढ्यात बायको कपबशा न्यायला आली. "आता दोन-दोन सवती झाल्या का?" असं दोन्ही पडद्यांकडे बघत म्हणून तिने रंगबाईंना जेवायलाच थांबवून घेतलं.

"माझा कप्पा आता रिकामा झालाय," उठता उठता रंगबाई म्हणाल्या. "काढून टाकणार?"

"तुम्ही येणार असाल तर नाही."

"शनिवारी मला वेळ असतो. पण पासवर्ड बदलायला हवा, फार जुना झाला."

त्या पुन्हा बसल्या. त्याने आपली खुर्ची मागे सरकवली आणि त्या टाइप करेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.