बाकी काय?

विभागात सगळे त्याला मूळव्याध म्हणत. मूळ संख्यांच्या मागे लागून त्याची उमेदीची वर्षं गेली होती, आणि खुर्चीत तो बसायचाही तसाच, अर्धा उठलेला. आज दुपारी समिती त्याचा निकाल लावणार होती. हाती काही लागलं असेल तर नोकरी कायम, नसेल तर उद्यापासून यायचं नाही.

सगळी भिस्त एका संख्येवर होती. दोनाला दोनाने गुणत राहायचं, जीव मेटाकुटीला येईपर्यंत, आणि शेवटी त्यातून एक वजा करायचा. अशी ही अगडबंब संख्या. नुसती लिहायची म्हटली तरी घराच्या भिंती अपुऱ्या पडल्या असत्या. ती मूळ आहे की तिला कुणी भागतं, हे एका चाचणीने ठरणार होतं. या चाचणीची तऱ्हा उलटी होती: तिच्यातल्या शेवटच्या भागाकारात बाकी शून्य आली तर मूळ. दुसरं काहीही आलं तर कारभार आटोपला. ही चाचणी घरी जेवणाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर महिनोन्‌महिने चालू होती, आणि घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत होती. नोकरीचं त्याने बायकोला सांगितलं नव्हतं. घाबरायला घरात एक माणूस पुरेसा होता.

समितीच्या दाराबाहेरून त्याने घरी फोन लावला.

"थांबला का तो?"

"मघाशीच. काय शांत वाटतंय घरात. टेबल मोकळं करू?"

"हात लावू नकोस. बाकी काय?"

"बाकी काही नाही. तुम्ही जेवलात?"

त्याने फोन ठेवला. बाकी या शब्दाला दुसराही अर्थ असतो, हे तो लग्नाच्या आधीच विसरला होता. डोळे पुसून तो आत गेला.

"मूळ आहे," तो म्हणाला.

आजवर त्याच्याकडे मान वर करून न पाहिलेले विभागप्रमुख सर उठून उभे राहिले. समितीतल्या एकाने त्याला कडकडून मिठी मारली.

"यांना आता मूळव्याध म्हणायचं नाही," सर म्हणाले. "कायमचं पत्र आजच काढा."

तेवढ्यात फोन वाजला.

"घरून ना? स्पीकरवर टाका. आम्हालाही अभिनंदन करू द्या."

"अहो, मध्येच काय ठेवता? पडद्यावर आकडे आलेत. हवेत की बंद करू?"

मिठीवाल्याने त्याच्या पाठीवरचा हात हळूच काढून घेतला.

"वाच," तो म्हणाला.

"सात, तीन, तीन, आठ..."

सर खाली बसले आणि त्यांनी फाइल मिटली.

"...एक, नऊ, शून्य..."

"थांब." तो फोनवर ओणवा झाला. "शून्य म्हणालीस ना? बस. तिथेच थांब."

"थांब काय? खाली अजून ढीगभर आहेत."

"मला शून्यच हवं होतं गं."

"मग काळजी कशाला करता?" ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मधेमधे पुष्कळ आहेत."