टिल्डाची जागा

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी कुंपण आहे. मिलवॉकी शहरात तळ्याकाठच्या वस्तीत एक चर्च आहे, त्याच्या अंगणाभोवती मी उभं आहे. आता माझ्या रंगाचे पापुद्रे सुटलेत. पण एके काळी माझा थाट विचारू नका! सुताराने मला उभं केलं, त्याच उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी आपापली चित्रं आणली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी माझ्यावर लटकवली. बायकांनी बटाट्याचं सॅलड आणलं. तेव्हापासून दर जूनमध्ये इथे चित्रांची जत्रा भरते. पहिल्या वर्षी ज्या घराने जी फळी धरली, ती त्या घराची. तिथे दुसरं कुणी चित्र लावत नाही.

कोपऱ्यातली फळी व्हर्नाकाकूंची. त्यांची लेक टिल्डा लहानपणीच तळ्यात बुडाली. पुढच्या जूनमध्ये काकूंनी तिचं चित्र लावलं. टिल्डा मला टेकून उभी होती. मग दर वर्षी नवं चित्र, आणि दर वर्षी टिल्डा एका वर्षाने मोठी. वेण्या गेल्या, उंची वाढली, पुढे केसही पिकू लागले. लोक आधी हळहळले, मग त्यांना सवय झाली. शेजारीण म्हणायची, "यंदा टिल्डा रोडावलीय हं." काकू म्हणायच्या, "खातच नाही मेली."

हसू नका. चित्राची चौकट तेवढीच, पण माझ्यावरचा भार वाढत चालला होता. आधी पोरीचा, मग बाईचा. वारा नसतानाही ती फळी करकरायची. मला त्या पोरीची फार भीती वाटायची.

मग जत्रेच्या समितीवर रसेल आला. माणूस वाईट नाही, पण हौस दांडगी. इतर शहरांसारखे पांढरे तंबू लावायचे, बाहेरचे चित्रकार बोलवायचे आणि यंदाची जत्रा झाली की मला काढून टाकायचं, असं त्याने ठरवलं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. काकूंनी एवढंच विचारलं, "मग टिल्डा टेकेल कुठे?" रसेलने पुढचा विषय घेतला.

यंदा काकूंनी लावलेल्या चित्रात मी एकटंच होतं. मला टेकून कुणीच नव्हतं. चित्राला वजन म्हणून नव्हतं.

रसेलने विचारलं, "काकू, टिल्डा कुठंय?"

"तिला सांगितलं, कुंपण काढतायत. म्हणाली, मग मी घरीच येते."

संध्याकाळी काकू निघाल्या. एक हात अंगापासून जरा दूर, कुणीतरी धरल्यासारखा. गर्दी आपोआप बाजूला झाली. रसेलने काकूंना वाट दिली. त्या पुढे गेल्या, तरी तो आणखी एकदा मागे सरकला आणि रिकाम्या जागेला हळूच "सॉरी" म्हणाला. मग त्याचा चेहरा पांढरा पडला.

उद्या मला काढायला माणसं येतील. मित्रांनो, जुनं झालेलं जरूर काढा. पण काढण्याआधी त्याला कोण टेकून उभं आहे, एवढं विचारत चला. इतकी वर्षं मी तिला घाबरत होतं, आणि आता तिच्यावाचून मला करमत नाही.