अन्नशुद्धी

चैत्रातलं ऊन समुद्रावरून येतं. आधी नारळाच्या झावळ्यांवर थबकतं, तिथे हिरवं होतं. मग पोफळींच्या दाटीतून गाळून गाळून खाली उतरतं आणि सारवलेल्या अंगणात येईतो पिवळंधमक होऊन जातं. काजूला केशरी-तांबडी बोंडं लटकलेली, आंब्याखाली कैऱ्यांचा सडा, फणसाच्या अंगाखांद्यावर कोवळ्या कुयऱ्या. या दिवसांत कोकणातली जमीन कुणाला उपाशी ठेवत नाही. हात पुढे करावा आणि हातात काहीतरी यावं, असे हे दिवस असतात.

आणि मोगरा. शुभ्र, गच्च, गंधभारला मोगरा. परचुऱ्यांच्या गोठ्याच्या कुडाला लागून त्याचं जुनं झुडूप होतं, आणि चैत्र लागला की ते वेडं होऊन फुलायचं. पण त्या घरात मोगरा कुणी तोडत नसे, देवाला वाहत नसे, केसांत माळत नसे. तो आपला फुलायचा आणि आपलाच गळायचा. कारण घरातल्या दोन बायकांना ठाऊक होतं, आणि दोघी त्याबद्दल कधी बोलत नसत.

एक वत्सला, या घराची सून. केस रुपेरी झालेली आणि हातांत ओल्या नारळाचा वास मुरलेली. दुसरी आक्का, वत्सलेची थोरली नणंद. ऐन विशीत बाळंतपणाला माहेरी आलेली आणि मग कायमची इथेच राहिलेली. आक्का कडक होती. देवघर, सोवळं, सणवार, पंगतीतल्या पानांची मांडणी, सगळं तिच्या नजरेच्या धाकात चालायचं. गोठ्याकडे मात्र ती कधी फिरकत नसे.

वत्सलेकडे होती चूल. दरवर्षी चैत्रात परचुऱ्यांचा कुळाचार व्हायचा, भाऊबंद जमायचे आणि देवाचा नैवेद्य वत्सलेच्या हातचा असायचा. सासूने शेवटच्या आजारात पितळी पळी तिच्याच हाती दिली होती. एरवी जमीन कुणाची, मुलगी कुठे द्यायची, छप्पर कधी शाकारायचं, यात तिला कुणी विचारलं नव्हतं. त्या एका दिवशी मात्र सगळं घर तिच्या हाताकडे बघत असे. आयुष्यात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

फाल्गुनात त्यांची गाय मोहरी व्याली. पाडा झाला, कपाळावर पांढरा टिळा असलेला. कुळाचार तोंडावर आला होता, तूप साठवायचं होतं. वासराला आधी दोन सड सोडले, मग एक, मग धार काढून झाल्यावर जे उरेल ते. उरत काही नव्हतं. एका सकाळी पाडा उठलाच नाही.

वासरू गेलं की गाय पान्हा चोरते. चोरते! काय शब्द आहे बघा. जणू ते दूध आपलंच होतं आणि त्या मुक्या जिवाने ते पळवलं. चोर कोण आणि धनी कोण, हे आपण बोलता बोलता उलटं ठरवून मोकळे झालो आहोत, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

म्हणून सदाशिवरावांनी, म्हणजे वत्सलेच्या नवऱ्याने, पाड्याचं कातडं काढवून घेतलं, त्यात पेंढा भरून शिवलं आणि चार काठ्यांच्या पायांवर ते गाईसमोर उभं केलं. "तसं करतात," ते म्हणाले. खरं होतं. तसं करतात.

वत्सला धार काढायला बसली. मोहरीने मान वळवली, हुंगलं, आणि ती चाटू लागली. कपाळावरचा पांढरा टिळा चाटला, कान चाटले, पाठ चाटली. चाटता चाटता पाठीचा टाका उसवला आणि आतून पेंढा बाहेर आला. मोहरी क्षणभर थांबली. मग तिने तो पेंढाही चाटला. आणि वत्सलेच्या मुठीत सड भरून आले, दुधाची धार आपोआप भांड्यात वाजू लागली, उष्ण, शुभ्र, फेसाळ.

कुडाबाहेरून मोगऱ्याचा वास येत होता. वत्सलेला कितीतरी वर्षांपूर्वीचं काहीतरी आठवलं. भांडं तिथेच ठेवून ती उठली. त्या दिवसापासून दूध, दही, ताक, लोणी, तूप यांना तिने हात लावला नाही. वत्स म्हणजे वासरू, आणि वत्सला म्हणजे वासरावर जीव असणारी. जन्मभर हे नाव अंगावर वागवून ती धार काढत होती. आता तिला आपल्या नावाची लाज वाटली.

घरात आधी थट्टा झाली. "तुपाशिवाय भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण," सदाशिवराव म्हणाले. "बघू किती दिवस टिकतंय." आक्काने लोणी कढवण्याचं काम आपल्याकडे घेतलं आणि सदाशिवराव धार काढू लागले.

वत्सला रांधू लागली. कुळथाचं पीठ पाण्यात कालवलं, लसणीची फोडणी दिली, दोन आमसुलं टाकली, पिठी झाली. तांदूळ भिजवून वाटले, बिडाच्या तव्यावर ओतले. जाळीदार घावन झालं. केळीच्या पानावर तांदळाचं पीठ आणि गूळ थापला, वर दुसरं पान ठेवून तव्यावर भाजलं, पानगी झाली. नारळ खवला, वाटला, पिळला, आणि वाटीत पांढरंशुभ्र दूध उभं राहिलं. त्या दुधाकडे ती पुष्कळ वेळ बघत बसली. हे दूध कुणाच्या तोंडचं काढलेलं नव्हतं.

आणि हे सगळं किती सोपं होतं! चूल तीच, विळी तीच, पाटा तोच. नवं काही आणावं लागलं नाही, शिकावं लागलं नाही, कष्ट वाढले नाहीत. परसात हात घातला की कोथिंबीर, माळ्यावर हात घातला की आमसूल, फडताळात हात घातला की तीळ. इतकं सोपं होतं, याचाच तिला राग आला. अवघड असतं तर निदान इतक्या वर्षांना काही सबब राहिली असती. ती चिडून खवायची, चिडून वाटायची, चिडून फोडणी द्यायची, आणि त्या चिडीची आमटी इतकी चवदार व्हायची की सदाशिवराव तुपाची वाटी विसरून दुसऱ्यांदा भात मागायचे. मागून झाल्यावर ते ओशाळत. ती मात्र हसत नसे.

कुळाचाराच्या आदल्या दिवशी आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"वत्सला, उद्या काय करत्येस?"

"जे रोज करत्ये ते."

"तुझे नेम तुझ्यापाशी. नैवेद्याच्या पानावर अन्नशुद्धी मी वाढीन. पण पंगतीत तुझ्याही पानावर पडायला हवी. भाऊबंद बघतात. जिच्या स्वतःच्या पानाला अन्नशुद्धी नाही, तिच्या हातचा नैवेद्य देवाला चालत नाही. तूप घेतलं नाहीस तर पळी धाकटीकडे जाईल."

धाकटी म्हणजे वत्सलेची जाऊ. अन्नशुद्धी म्हणजे भातावर पडणारा तुपाचा थेंब. तो पडला की अन्न शुद्ध झालं. पळीभरही लागत नाही, थेंब पुरतो. त्या थेंबावर वत्सलेची सगळी पुण्याई टांगली गेली होती.

ती रात्रभर तळमळली, आणि पहाट होताच विझत आलेल्या निखाऱ्यांवर फुंकर घालून उभी राहिली. शेवटचंच रांधायचं तर असं रांधीन, असं मनाशी म्हणाली.

मग त्या घरात वासांचा उत्सव झाला. ओल्या काजूची उसळ, नारळाच्या वाटणात मंद मंद शिजणारी. फणसाच्या कुयरीची भाजी, राईच्या फोडणीत तडतडलेली. हळदपिवळी कैरीची डाळ. आमसुलाचं माणिकरंगी सार. आणि रस-शिरवाळे: तांदळाच्या उकडीच्या पांढऱ्याशुभ्र शेवया, त्यांच्यासोबत नारळाच्या दुधात विरघळलेला गूळ, वेलचीने सुगंधलेला. वाफेत तिचा चेहरा लाल झाला होता. पळी हातात फिरत होती.

पुरुषांची पंगत उठली. शिरवाळे तीनदा मागितले गेले. मग माजघरात बायका बसल्या. केळीची पानं, भाताच्या शुभ्र मुदी, त्यांच्यावर पिवळं वरण. आक्का चांदीची तुपाची वाटी घेऊन निघाली. थेंब, थेंब, थेंब. सोनेरी, कढत, सुवासिक. एकेक पान शुद्ध होत आलं.

वत्सलेच्या पानापाशी वाटी आली. वत्सलेने भातावर हात आडवा धरला.

बांगड्या थांबल्या. आक्काचा हात वाकून होता, थेंब चमच्याच्या टोकाशी जमत होता.

"वत्सला, हात काढ."

"नाही, आक्का."

थेंब पडला. हाताच्या पाठीवर पडला. कढत तुपाने कातडी चरचरली, पण हात हलला नाही. बोटं भातावर पसरून तशीच राहिली, खाली शुभ्र मूद आणि वर तो खरखरीत, खवणीने घासलेला, हट्टी हात.

"पळी जाईल," आक्का हळू म्हणाली. तिचा आवाज कडक होता, पण त्यात विनवणी होती.

"जाऊ दे. मी या पळीसाठी खूप केलं. हे नाही करणार." वत्सलेने मान वर केली. "आक्का, हे तूप कुठलं, ते तुम्हाला ठाऊक आहे?"

"मोहरीचं."

"तिचं वासरू गेलं. तिच्यापुढे पेंढा भरलेलं कातडं उभं केलंय. ते ती चाटते, मग दूध येतं. रोज. तुम्ही गोठ्यात जात नाही म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

आक्काने वाटी धरलेला हात खाली आणला. "पेंढा भरलेलं?"

"तुमचं बाळ गेलं तेव्हा मी या घरात नवी होत्ये," वत्सला म्हणाली, आणि तिचा आवाज आता फुटत होता. "शेजारी मूल रडलं की तुमचा पदर भिजायचा. पान्हा आटेना म्हणून मी गोठ्यापाशी मोगरा तोडायची आणि तुमच्या छातीशी बांधायची. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायच्यात. तेव्हा कुणी तुमच्या मांडीवर पेंढ्याचं बाळ आणून ठेवलं असतं, तर? कुळाचार आहे, दूध हवंय, असं म्हणून?"

इतक्या वर्षांत त्या बाळाचं नाव या घरात कुणी काढलं नव्हतं.

आक्काने तुपाची वाटी जमिनीवर ठेवली. सावकाश, काठ न वाजवता ठेवली. मग ती वळली आणि मागच्या दाराने निघून गेली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. धाकटी जाऊ कुजबुजली, "चिडल्या." वत्सलेने हात भातावरून काढला. तिने वरणभात कालवला, घास घेतला आणि गिळला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. आज ती पानावरून उठणार नव्हती. पान स्वच्छ करूनच ती उठली, आणि मग नणंदेला शोधायला बाहेर पडली.

परसात ऊन दाटलं होतं. मोगऱ्याचं झुडूप एका बाजूने रिकामं दिसत होतं.

गोठ्याच्या उंबऱ्यात सदाशिवराव कुदळ घेऊन उभे होते, आणि त्यांच्या पायाशी ते कातडं आडवं पडलं होतं. थोरल्या बहिणीसमोर ते नेहमीच शाळकरी पोर होत असत.

"सदा, आधी खड्डा कर," आतून आक्का म्हणाली. "माणसासारखं पुर त्याला. मोगऱ्याच्या मुळाशी."

"अगो आक्का, गाय आटेल."

"आटू दे. तिचं तिने ठेवलं तर चोरी नाही झाली."

ते गेले. आक्का मोहरीपाशी जमिनीवर बसली होती, सोवळ्यातली, शेणातच. मांडीवर जुनं, मऊ, धुऊन धुऊन विरलेलं लुगडं फाडून ठेवलेलं. ओच्यात मोगरा, मूठ मूठ, शुभ्र, गच्च. मोहरीची कास ताठरली होती, सडांच्या टोकांना थेंब जमले होते. गाईला असं बांधतात की नाही, बांधून उपयोग होतो की नाही, हे आक्काला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच एक औषध ठाऊक होतं.

वत्सला तिच्याजवळ बसली. आक्काने तिच्या हाताच्या पाठीवरचा लाल डाग पाहिला, त्यावर मोगऱ्याचं एक फूल दाबून धरलं आणि मग फडक्याचं एक टोक तिच्या मुठीत दिलं.

"घट्ट धर हो," आक्का म्हणाली. "तेव्हा तू सैल बांधलं होतंस."

वत्सलेने घट्ट धरलं. दोघींनी मिळून फुलं लावली, फडकं गाईच्या पोटाखालून घेतलं, पाठीवर गाठ मारली. मोहरीने मान वळवली, आक्काचा खांदा हुंगला आणि चाटू लागली. आक्काने तिला चाटू दिलं. बाहेर कुदळीचा आवाज येत होता.

"पळी तुझ्याचकडे राहील," गाठ चाचपत आक्का म्हणाली. "आणि ते शिरवाळे. उरलेत का?"

"उरलेत."

चैत्राचं ऊन कुडाच्या फटींतून आत येत होतं, पट्ट्यापट्ट्यांनी, दोघींच्या पांढऱ्या केसांवर, गाईच्या पाठीवर, पांढऱ्या फडक्यावर. फडक्यातून एकेक थेंब झिरपत होता, फुलांतून वाट काढत, कुणाच्याही भांड्यात न पडता मातीत जात होता. माजघरात तूप निवत होतं. गोठ्यात मोगरा भिजत होता.