जिंकेपर्यंत बोलायचं नाही

"टेबलावर नको. खाली ठेव," गाएतान म्हणाली. यानिकने छातीशी धरलेला चांदीचा चषक मुकाट्याने स्वयंपाकघराच्या जमिनीवर ठेवला.

जिंकलेल्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला चषक एक दिवस घरी न्यायला मिळतो. यानिक आमच्या गावच्या आइस हॉकी संघाचा कप्तान. त्याचा दिवस गाएतानचा, हे कधीच ठरलेलं होतं. "मावशी, तुझं वाटाण्याचं सूप आपण चषकातूनच पिऊ," असं तो दर हरल्या मोसमाला म्हणायचा. आज पहाटेपासून चुलीवर त्याच सुपासाठी हॅमचं हाड शिजत होतं. आणि सकाळी रेडिओने सांगितलं, की संघ विकला गेला. पुढच्या मोसमापासून तो सीमेपलीकडच्या शहराचा, आणि कप्तानही त्यांचाच.

मी समोर राहते. भांडं परत द्यायला आले होते. ते देऊन झालं होतं, पण माझा पाय निघत नव्हता, आणि मला निघायचंही नव्हतं.

नवरा गेल्यापासून गाएतान स्टेडियमच्या पायऱ्यांखालच्या खोलीत बसून खेळाडूंच्या जर्सी शिवते. यानिक तिच्या मागच्या खोलीतला भाडेकरू. आजारी पडला की हिने उशाशी बसायचं, हरून आला की जेवायला वाढून गप्प बसायचं. पोटच्या लेकीपेक्षा त्याचं जास्त करते, असं लेक म्हणायची, आणि ते हसून म्हणायची नाही.

आम्हा हॉकीवाल्यांचं एक खूळ आहे. अंतिम फेऱ्या सुरू झाल्या की खेळाडूंनी दाढी करायची नाही आणि कुणीही पुढच्या वर्षाचं नाव काढायचं नाही. जिंकण्याला दृष्ट लागते. कधी चर्चची पायरी न चढणारेही हे पाळतात. तर एप्रिलमध्ये, माझ्यादेखत, गाएतानने विचारलं होतं, "यानिक, लेक म्हणतेय घर विकून माझ्याकडे ये. गिऱ्हाईकही आलंय. तू पुढच्या वर्षी इथंच असशील तर मी..."

त्याने ओठांवर बोट ठेवलं. "मावशी! जिंकेपर्यंत पुढचं बोलायचं नाही!"

तिने जीभ चावली. आम्ही दोघी हसलो. त्याच संध्याकाळी तिने गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. नंतर गावाला पोसणारी कागदाची गिरणी बंद झाली. आता या गावात घर फुकट दिलं तरी कुणी घेणार नाही. लेकीने बोलणं टाकलं. आणि संघ गेला म्हणजे तिचं शिवणकामही गेलं.

"तुला कधी कळलं?" गाएतानने विचारलं.

"मावशी, कराराची भानगड असते, त्यात..."

"कधी?"

"जानेवारीत." दाढी काढल्यामुळे तो शाळकरी दिसत होता. "मालकाने शपथ घातली होती गं. गावाला कळलं असतं तर स्टेडियम ओस पडलं असतं. पोरांनी हातपाय गाळले असते. जिंकलो नसतो आपण! मी तुझ्यासाठीच..."

"वा रे वा, उपकारच झाले की!" मी म्हणाले.

"रोझलीन, तू गप बस." मग ती त्याच्याकडे वळली. "तू चाललास याचा राग नाही. पोटामागे माणूस जातोच. नुसतं म्हणायचं होतंस, 'मावशी, घर विक.' कारणही विचारलं नसतं मी. पण त्या बोटावर माझा विश्वास होता, यानिक. अपशकुनाच्या आड लपलास तू. फसवलंस मला."

यानिकने खाली वाकून चषक उचलला. तो तिच्यापुढे धरला. "सूप ओत ना, मावशी. ठरलं होतं आपलं."

तिने फडताळातून त्याचा नेहमीचा टवका उडालेला निळा वाडगा काढला, काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे ठेवला. सोबत पावाचा जाड तुकडा, त्याला आवडतो तसा लोणी लावून. उपाशी पाठवणं तिच्यानं झालं नसतं. तो मान खाली घालून जेवला आणि वाडगा स्वतः धुऊन पालथा घातला. चषक चुलीजवळ तसाच रिकामा पडून होता.

जाताना तो चषक काखेत मारून दारात अडखळला.

"मावशी, पुढच्या हिवाळ्यात मी नक्की..."

गाएतानने ओठांवर बोट ठेवलं. तो गप्प झाला तेव्हा तिने हळूच दार लावून घेतलं.